डावा कौल

देवीवर माझा विश्वास होता, पण तिचा कौल माझ्या लेकीच्या जिवावर उठला होता. लेक चार वर्षांची. सतत खोकायची, छाती घरघरायची, आवाज म्हातारीसारखा घोगरा. आधी दम्याची औषधं झाली, मग क्षयाची इंजेक्शनं. मालक मुंबईत गिरणीत. रत्नागिरीजवळच्या गावात मी आणि सासूबाई. आमच्याकडे मोठं काही करायचं तर ग्रामदेवीला विचारतात. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पोरीला मुंबईला न्यावं का, असं सासूबाईंनी विचारलं. डावा आला. काही महिन्यांनी पुन्हा लावला, पुन्हा डावा. लेकरू माझं आणि निकाल पाकळीचा. देवीपुढे हात जोडताना माझ्या तोंडात शिव्या यायच्या.

सासूबाई दुष्ट नव्हत्या. खोकला बसावा म्हणून निजण्याआधी तूप घातलेलं गरम दूध पोरीला पोटभर पाजायच्या आणि लगेच आडवं करायच्या. सारा गाव तेच करी.

एकदा इंजेक्शन देऊन परतताना रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर पोरगी खोकता खोकता ओकली. लोक सरकून बसले. शेजारची एक मुसलमान बाई मात्र उठली आणि आपल्या ओढणीने तिचं तोंड पुसलं. तिच्या नातवाचंही असंच होतं म्हणाली. मुंबईच्या डॉक्टरांनी त्याच्या घशातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं, तेव्हा दुखणं पोटाचं निघालं. मी तिला कौलाचं सांगितलं. ती हसली नाही.

"पोरी, देवीला जाव काय म्हणून इचारू नको," ती म्हणाली. "जातंय, सांभाळ, असा सांग."

दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन तसंच सांगितलं आणि मुंबईची एसटी धरली. सासूबाई निरोपाला ओटीवरसुद्धा आल्या नाहीत.

मुंबईच्या डॉक्टरांनी पोरीला भूल देऊन श्वासनळीपर्यंत दुर्बीण घातली. आत क्षयाची खूण नव्हती. स्वरयंत्राची मागची बाजू लाल होऊन सुजली होती. पोटातलं आंबट वर येऊन तिथे भाजतं आणि श्वासात उतरतं, असा त्यांना संशय आला. नुसत्या लालीवर ठरवत नाही म्हणाले. आणखी तपासण्या केल्या, मगच औषध दिलं. खाऊन लगेच निजवायचं नाही, उशाकडे खाट उंच करायची. निजतानाच्या दुधाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी एवढी माया केली आणि तीच पोरीचा घसा जाळत होती. मी त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

खोकला गेला. आवाज घोगराच राहिला, आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले. सासूबाई गावभर सांगत सुटल्या की देवीनेच तारलं, आणि ओटी भरायला मला देवळात घेऊन गेल्या. नकार देणारीही तीच आणि त्या बाईला माझ्या शेजारी बसवणारीही तीच, असं म्हणणं त्यांना सोपं गेलं. मला ते सोपं जात नाही. तरी मी ओटी भरली, कारण माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं तेव्हा कुणीतरी हात दिला, आणि त्याचे आभार मानायला मला दुसरी जागा ठाऊक नाही. माझा राग देवीच्या पायाशीच ठेवून आले. पोरगी शेजारी उभी राहून आपल्या फाटक्या आवाजात आरती म्हणत होती, आणि ऐकायचं तर देवीला तोच आवाज ऐकावा लागत होता.