दुसऱ्या टप्प्याचं तिकीट

कंडक्टर ओव्हाळ मास्तरांना गाडीत बसलेलं मी बारा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. एसटीत कंडक्टरसाठी स्वतंत्र जागा असते, पण मास्तरांच्या जागेवर नेहमी दुसरंच कुणीतरी असायचं. बहात्तरच्या दुष्काळात मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. उस्मानाबादहून तेरकडे जाणारी सकाळची गाडी खडी फोडायला निघालेल्या बायकांनी गच्च भरली होती, आणि मी नवी कोरी नर्स पांढऱ्या साडीला कुणाचा हात लागू नये म्हणून अंग चोरून उभी होते. मास्तरांनी एका गरोदर बाईला स्वतःच्या जागेवर बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, धुतल्यावर निघतंय. जरा सरका, मागं माणसं लटकल्यात." मला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी सरकून उभी राहू लागले.

तेरच्या वाटेवर एका गावात आमचा लहानसा दवाखाना होता. त्यामुळे रोज जाता-येता मास्तरांची गाठ पडायची. उंच, काळेसावळे, खाकी कपड्यांना कडक इस्त्री. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं, हे मला त्यांनीच शिकवलं. मधल्या एखाद्या वस्तीवर उतरणारा माणूस कुरकुरला, की ते म्हणत, "तिकीट टप्प्याचं असतंय, गावाचं न्हाय." टप्प्याच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. एकदा दूध सोसायटीचे चेअरमन आपल्या टप्प्याच्या पुढे गुमान बसून राहिले. त्या काळात चेअरमन म्हणजे गावचा राजाच. मास्तरांनी घंटी मारून गाडी थांबवली. "सायेब, तुमचा टप्पा मागं गेला. तिकीट घ्या, न्हायतर उतरा." चेअरमन लालबुंद झाले. तुझी बदलीच करतो, म्हणाले. मास्तर शांतपणे म्हणाले, "करा की. तिथंबी टप्पंच असत्यात." गाडीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. चेअरमननी तिकीट घेतलं.

दहा-अकरा वर्षांनी, अशाच एका कोरड्या साली, मास्तर दवाखान्याच्या खिडकीशी आले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "मूळव्याधीचं मलम हाय का, सिस्टर?" मी म्हटलं, आधी बघावं लागेल. मास्तरांचा चेहरा पडला. "अवघड जागंचं दुखणं आन जावई डॉक्टर," असं म्हणून ते उगाच हसले. मीही हसले आणि मलमाची ट्यूब त्यांच्या हातात ठेवली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, त्या दिवशी या, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रोज भेटणाऱ्या पुरुषमाणसाला तसं तपासायचं माझ्याही जिवावर आलं होतं, आणि त्यांनी टाळल्यावर खरं तर मला सुटल्यासारखं झालं. पुढे आठ महिने मी त्यांना मलम देत राहिले. त्यांना बसवत नव्हतं, हे कुणाच्या लक्षात येणार? ते कधी बसलेच नव्हते.

मग एक दिवस त्यांची बायको शेवंताबाई दवाखान्यात आल्या. इकडचं तिकडचं बोलत राहिल्या आणि निघता निघता म्हणाल्या, "खाकीवर दिसत न्हाय, सिस्टर. पर बादलीत भिजवलं की पाणी लाल हुतंय. रोजच." संध्याकाळच्या गाडीत मी मास्तरांना सगळ्यांसमोर दटावलं आणि डॉक्टरांच्या दिवशी आत आणूनच सोडलं. डॉक्टरांनी तपासलं, मग जांघ चाचपली. तिथे गाठ होती. मास्तर म्हणाले, "अवधान आलंय. पायात काटा मोडला की येतीया अशी गाठ." डॉक्टर हात धुताना मला एवढंच म्हणाले, "ही मूळव्याध नाही." आणि सोलापूरच्या मोठ्या दवाखान्याला चिठ्ठी लिहिली.

सोलापूरला गाठीचा तुकडा काढून तपासायला गेला. निकालाच्या दिवशी मी रजा टाकून नवराबायकोबरोबर गेले. गेले म्हणण्यापेक्षा चोराच्या मनातलं चांदणं मला घेऊन गेलं. मास्तर सोलापूरपर्यंत उभेच. ओळखीच्या कंडक्टरने जागा दिली, तर तिच्यावर त्यांनी शेवंताबाईंना बसवलं. नळदुर्गाकडे जाणारी गाडी समोरून गेली, तसं ते एकदम म्हणाले, "सिस्टर, ह्या रोगाचंबी टप्पं असत्यात म्हणं. आमचा डायवर सांगत व्हता. किती असत्यात?"

"चार."

त्यांनी खिडकीबाहेर बघत मान हलवली. "मग म्या आत्ताच सांगून ठिवतो. पयला, दुसरा निघाला तर तुमी म्हनाल तसं. तिसरा निघाला तर मला माघारी न्या. शेवटाजवळ आल्यावर कुणी नवं तिकीट फाडत न्हाय. रोज उठून लोकांम्होरं उघडं पडायचं, ते कशापायी?"

शेवंताबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

सोलापूरच्या डॉक्टरांनी मला एकटीलाच आत बोलावलं. गुदद्वाराचा कॅन्सर होता. टेबलावरच्या कागदावर चित्र काढून त्यांनी मला समजावलं. गाठ केवढी आहे, जांघेतल्या गाठींपर्यंत गेली आहे का, लिव्हरला किंवा फुप्फुसाला पोचली आहे का, एवढं बघून स्टेज ठरते. लवकर सापडला तर बहुतेक माणसं बरी होतात. जांघेत गेला की अंदाज खाली येतो. लिव्हरला गेला, तर फारसं काही हाती राहत नाही. "यांची तिसरी आहे," ते म्हणाले. मी विचारलं, तिसरी म्हणजे संपलं का? त्यांनी चष्मा काढला. "तिसरी म्हणजे तिसरी. अशा दुखण्याची पुष्कळ माणसं बघून तो अंदाज केलेला असतो, या एका माणसाची तारीख त्यात नसते. पूर्वी सगळं काढून पोटावर पिशवी लावायचो. आता किरणांचा शेक आणि औषध एकत्र देऊन बघतो. पण उद्यापासून सुरू करायला हवं."

मी फाईल छातीशी धरून बाहेर आले. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना आयुष्यभर एकच टप्पा माहीत होता, गाडी पुढेच जाणारा, शेवटच्या स्टँडवर संपणारा. रोगाचा टप्पा म्हणजे तो सापडला तेव्हा कुठवर पसरला होता एवढंच, हे त्या दारात उभं राहून मी कसं समजावणार होते? कदाचित जमलं असतं. मी तेवढा धीर धरला नाही.

"कितवा?" मास्तरांनी विचारलं.

"दुसरा," मी म्हणाले.

ते बराच वेळ माझ्याकडे, माझ्या हातांकडे बघत राहिले. मग शेवंताबाईंना म्हणाले, "कापडांची पिशवी ठिव खाली. ऱ्हावं लागंल."

सहा आठवडे ते सोलापूरला राहिले. कातडी भाजून निघाली, जेवण जाईना, वजन निम्म्यावर आल्यासारखं दिसायचं. मी दर रविवारी जायची, आणि प्रत्येक वेळी दारातच माझी पाचावर धारण बसायची. कुणी डॉक्टर, कुणी वॉर्डबॉय 'तिसरी स्टेज' म्हणून गेला असेल, तर? आणि खोटं बोलून मी ज्या आगीत ढकललं, तिच्यातून हा माणूस बाहेरच आला नाही, तर? केसपेपर मी स्वतःच उचलायची, उलटा ठेवायची. मास्तर काही विचारत नसत. फक्त एकदा म्हणाले, "सिस्टर, कागूद इतका जपू नका. उडून जात न्हाय."

पावसाळ्यानंतर एका सकाळी ते गाडीत चढले, प्रवासी म्हणून. नव्या कंडक्टरने उठून जागा दिली. मास्तरांनी हाताने जागा चाचपली आणि सावकाश बसले. गाडीतली जुनी माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. मी दाराच्या दांड्याला धरून रडले. लोकांना वाटलं, डोळ्यांत धूळ गेली.

तीन वर्षं गेली. त्यात त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, आणि मास्तरांनी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत हलकं काम केलं. मग त्यांचे डोळे पिवळे दिसायला लागले, आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी या वेळी मला आत बोलावलंही नाही. बाहेरच नकारार्थी मान हलवली.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली इस्त्री केलेला खाकी शर्ट खुंटीला. शेवंताबाई चहा ठेवायला आत गेल्या, तसे मास्तर म्हणाले, "त्या कागदावर तीन उभ्या रेघा व्हत्या, सिस्टर."

मी खुंटीवरच्या शर्टाकडे बघायला लागले.

"आमच्या गाडीच्या कागदावर तोच शब्द असतोय इंग्रजीत. स्टेज. येवढं येतंय की मला वाचाय. तुमी फायल छातीशी धरली व्हती, पर लिवल्याली बाजू भाईर."

"मग माघारी का नाही गेलात?"

"तुमचं हात कापत व्हतं. म्हणलं, बाई इतकी भिऊन लबाड बोलतीया, म्हंजी म्होरं रस्ता हाय." थोडा वेळ ते दम खात राहिले. "जलमभर कुणाला एक टप्पा फुकट जाऊ दिलं न्हाय. आन स्वतः दुसऱ्या टप्प्याचं तिकीट घिऊन तिसरा काढला. तीन वर्सं."

आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणाले, "मास्तर, पहिल्या दिवशी मी मलम दिलं नसतं, बघितलं असतं, तर पहिलाच टप्पा निघाला असता."

छे हो, असं ते म्हणतील, अशी मला आशा होती. आत कपबश्या वाजत होत्या.

"व्हय," मास्तर म्हणाले. "आन म्या बघू दिलं असतं, तर." मग डोळे मिटून म्हणाले, "दुसऱ्या कुणाला न बघता देऊ नगा."

आठ दिवसांनी ते गेले.

त्यानंतर मी बरीच वर्षं नोकरी केली. मलमाच्या ट्यूबा मी कपाटात कुलपात ठेवायची. खिडकीतून कुणी मागितली, की म्हणायची, आधी आत या. काहीजण लाजून परत फिरत. त्यांच्यामागे मी कितीदा तरी गाडीच्या थांब्यापर्यंत पळत गेले आहे.