हलू नका, मावशी

खरं सांगते, हे लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप करून पुसलं. पण काल आईने तो फोटो कपाटातून काढला आणि मला राहवेना.

फोटोत आमच्या पणजीची आई आहे. धुलाईघरात कामाला होती, सगळे तिला मावशी म्हणायचे. कढत सोड्याच्या पाण्यातून चादरी काढायच्या. हात आत, हात बाहेर, पापणी लवायच्या आत. पाणी चावलंच तर एक शिवी हासडायची आणि पुढची चादर.

एक दिवस फोटोवाला आला, भलीमोठी पेटी घेऊन. त्याला कष्टाची कामं करणाऱ्यांचे फोटो हवे होते. तेव्हा फोटोला वेळ लागायचा, माणूस हललं की सगळं धूसर.

"मावशी, नटूनथटून या गं!" इस्त्रीवाली ओरडली. "बघायला आलेत तुम्हाला!"

"गप गं टवळे." मग फोटोवाल्याला हळूच, "एक प्रत माझ्या लेकीला धाडाल? लांब दिलीये. लग्नानंतर भेटच नाही."

"धाडतो की. फक्त हलू नका. हात पाण्यातच राहू द्या."

वाफेने फोटो धूसर होऊ नये म्हणून चुलीतला जाळ बाहेर ओढला, वाफ कमी झाली. पाणी मात्र तसंच कढत. मावशीने कोपरापर्यंत हात घातले. जीव कासावीस झाला. पण हललं तर लेकीला काय दिसणार, नुसता धूर? तिने जीभ दाताखाली धरली आणि चेहरा सैल सोडला.

"झालं! छान!"

हात बाहेर आले ते कातडी सोलूनच.

"अगं बये, काढायचे नाहीत का!" इस्त्रीवाली रडायलाच लागली. फोटोवाला पांढराफटक.

बोटं पुन्हा कधी धड मिटली नाहीत. काम गेलं. इस्त्रीवाली घास भरवायची.

फोटोवाला शब्दाला जागला. लेकीला फोटो पोचला. तिने घरोघर दाखवला. "बघा माझी आई! कशी शांत दिसते. मजेत आहे हो." आईकडे निघायला बांधलेलं गाठोडं तिने सोडलं. पोरं लहान आहेत, पुढच्या वर्षी जाऊ.

इकडे मावशी दारात बसून. रस्त्यावर कुणी बाई दिसली की उठायची.

"निरोप धाडू का?" इस्त्रीवालीने विचारलं.

"कशाला? फोटो बघितला की धावत येईल ती."

लेक पुढच्या वर्षी आली. खोलीत दुसरीच माणसं राहत होती. मावशी गेल्याचं आणि हातांचं तिला इस्त्रीवालीने सांगितलं. आमच्या घरात त्या फोटोला कुणी छान म्हणत नाही.

तुमचंही कुणी फोटोत बरं दिसतंय म्हणून तुम्ही थांबला असाल, तर जा ना. याच आठवड्यात. त्यांचे हात हातात घेऊन बघा.