नवरीच्या वाटणीची हळद

लेकीच्या वेळी दिवस गेले तेव्हा माझ्या गालांवर वांग आलं, ते गेलंच नाही. पंचवीस वर्षं आमच्या बूढापारा मोहल्ल्यातून ऑफिसला स्कूटीवर गेले-आले, तोंडाला स्कार्फ बांधून. मलमं बदलून बदलून जीव कंटाळला. लेकीच्या लग्नात मात्र एक तरी फोटो मला स्वच्छ चेहऱ्याचा हवा होता. एवढंच.

लेक लग्नासाठी केमिकल पील करून घेत होती. शेवटच्या खेपेला तिचं आटोपल्यावर तिला सदर बाजारात ब्लाउज आणायला पिटाळलं आणि डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत मी जाऊन बसले. "लग्नानंतर या," त्या म्हणाल्या. मी हटूनच बसले. शेवटी त्यांनी हलकं पील केलं आणि बजावलं, आठवडाभर चेहऱ्याला काही लावायचं नाही, हळद तर मुळीच नाही. हळद पाचव्या दिवशी होती. पण ती नवरीची, मला कोण लावतंय, असं मी धरून चालले. घरात कुणाला सांगितलं नाही. पन्नाशीची बाई तोंड सोलून घेते म्हणून हसले असते.

हळदीला लेकीने पाटावर बसल्या बसल्या आत्याला इथल्या हिंदीत सांगून टाकलं, "बुआ, चेहरे पे मत लगाना, पील कराया है."

"बरं बाई, हातापायाले लावू," नणंद म्हणाली. कुणी हसलं नाही. वाटीत हळद उरली, तशी ती माझ्याकडे वळली. "वहिनी, पोट्टीच्या वाटणीची आता तुमालेच!"

एकच वाक्य बोलायचं होतं. लेक आत्ताच बोलली होती तेच. माझ्या तोंडून ते निघेना. शेजारच्या दीदीने मागून माझे हात धरले, नणंदेने दोन्ही गाल चांगले चोळले, सगळ्या हसल्या. मीही हसले. गालांची नुसती आग होत होती.

लग्नाच्या सकाळी सालं निघत होती, खाली लालकाळे चट्टे. लेकीने माझा चेहरा बघितला आणि तिला सगळं समजलं.

"आई, बता देती ना. मैं बोल देती उनको."

"लाज वाटली गं."

हातावर मेंदी असलेली माझी पोर माझ्या गालांना बोटाच्या टोकाने क्रीम लावत बसली.

अल्बममध्ये पाठवणीच्या फोटोत मी पदराने तोंड झाकलं आहे. बघायला आलेल्या बायका म्हणतात, "कित्ती रडली बिचारी माय!"

मी मान डोलावून 'हव' म्हणते.