माइकचं शिंकं

शॉक माउंट नावाची वस्तू मला कधी लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी पाणी विचारलं असतं आणि मग घरी पाठवलं असतं. आता त्या वस्तूवर मी कुणालाही तासभर पिडू शकते. इतकं ज्ञान मला नको होतं.

मी भंडाऱ्यात एका शिकवणी वर्गात मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात पॉडकास्ट करते. म्हणजे गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचं, ते रेकॉर्ड करायचं आणि लोकांच्या फोनवर सोडायचं. ऐकणारे मोजकेच आहेत. त्यातले निम्मे नातेवाईक, आणि तेही ऐकतो असं नुसतं म्हणतात. तरी करते, कारण आमचंही गाव त्याच पाण्यात आहे. आईबाबा आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहतात, कारध्याचा पूल ओलांडून एसटीनं पुढं जावं लागतं.

या उन्हाळ्यात बाबांच्या घशात गाठ निघाली. जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि बिडी यांनी आळीपाळीनं त्यांचा घसा सांभाळला होता, त्यामुळं आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल.

बाबांनी विचारलं, ‘‘मंग जेवता येईन ना मले?’’

येईल, असं डॉक्टर म्हणाले. बाबांचं तेवढ्यावर समाधान झालं. माझं झालं नाही. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडं तोंड करून रडले आणि बाबा शेजारी शेंगदाणे खात बसले.

बाबा गावचे मापारी होते. धानाची मळणी झाली, खळ्यावर रास पडली की त्यांना बोलावणं यायचं. कुडो म्हणजे धान मोजायचं लाकडी माप. ते राशीत खुपसून भरायचं, पोत्यात रिचवायचं आणि आकडा म्हणायचा. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दोन, तीन असं पुढं जायचं, आणि प्रत्येक आकडा पुढचं माप भरेपर्यंत सुरात घोळवत राहायचा. म्हणजे मापाऱ्याला विसर पडत नाही आणि खळ्यावरच्या सगळ्यांना ऐकू जातं. वीस कुडो झाले की एक खंडी. पोत्याचं तोंड धरून आई उभी असायची, आणि मी राशीच्या कडेला बसून अंगाला लागलेली धानाची कुसळं खाजवत असायचे. पुढं वजनकाटे आले, मग धरण आलं, आणि बाबांचा तो सूर कुणाला लागेनासा झाला.

एवढ्या परक्या म्हाताऱ्यांचे आवाज गोळा केले आणि स्वतःच्या बापाची मोजणी माझ्याकडं नव्हती. घरचं माणूस काय, कधीही करता येईल, असं वाटत होतं. ऑपरेशनची तारीख हातात आल्यावर ते ‘कधीही’ एकदम संपलं.

पुढच्याच रविवारी माइक घेऊन वस्तीवर गेले. कूलर बंद केला, कारण कूलर सुरू असला की माइकला दुसरं काही ऐकू येत नाही. भर उन्हाळ्यात, पत्र्याच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत, दार लावून आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. टेबलावर छोटा स्टँड, स्टँडवर माइक, समोर बाबा. त्यांनी खाकरून सुरुवात केली. ‘लाभ’ आला, आणि त्याबरोबर त्यांचा उजवा हात टेबलावर आपटला. मी हेडफोन लावला होता. कानात कुणी दगड घातल्यासारखं झालं. दोन म्हणताना पुन्हा तेच. टेबलाचा धक्का स्टँडवर, स्टँडवरून माइकमध्ये, आणि त्या दणक्याखाली आकडा पार दबलेला.

‘‘बाबा, हात मांडीवर ठेवा,’’ मी म्हणाले.

त्यांनी ठेवला. तीन म्हणाले, चार म्हणाले, आणि थांबले. पुढं काय ते त्यांना आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चारापाशी गाडी अडली. हात थांबला की आकडाही थांबायचा.

‘‘हात धरून ठेवला तं मोजू कसा?’’ बाबा चिडले. ‘‘तूच मोज मंग.’’

खळ्यावर माप रिकामं झालं की बाबा त्याच्या बुडावर थाप मारायचे, ते मला आठवत होतं. बुडाला चिकटलेले दाणे निघावेत म्हणून मारत असतील, असंच मी लहानपणापासून समजत होते. कुडो गेला, सवय राहिली. आता त्या सवयीचा बंदोबस्त मला करायचा होता. हात तर चालू राहायला हवा, पण तो माइकला कळायला नको. शोधता शोधता उत्तर मिळालं, शॉक माउंट.

वस्तू तशी साधी असते. एक कडं, त्यात ताणून बसवलेल्या रबरी दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांच्या मधोमध माइक अधांतरी. धक्का कड्यापर्यंत येतो आणि दोऱ्यांत जिरतो. साधेपणा इथंच संपतो. कुणाचं कडं धातूचं तर कुणाचं प्लास्टिकचं. कुणाच्या दोऱ्या, तर कुणाचे वाकडे रबरी पट्टे. एकजण सांगतो दोऱ्या महिनाभरात सैल पडतात, दुसरा सांगतो पट्टेच घ्या, तिसऱ्याला दोन्ही भिकार वाटतात. सगळे व्हिडिओ मी पाहिले. कुणाच्या खोलीत एसीचा आवाज होता, कुणाला कीबोर्डची टकटक नको होती. माझ्याकडं कीबोर्ड नव्हता, बाप होता. त्याच्यासाठी कोणता घ्यावा हे कुणीच सांगत नव्हतं.

शेवटी ‘युनिव्हर्सल’ लिहिलेला एक मागवला. युनिव्हर्सल म्हणजे सगळ्यांना बसणारा. शिकवणीच्या जाहिराती मीच लिहिते, तेव्हा असल्या शब्दांना मी तरी भुलायला नको होतं. माझा माइक चांगला गलेलठ्ठ. तो त्या कड्यात शिरेचना. जोर लावला तर प्लास्टिक कुरकुरलं. वस्तू परत पाठवण्यासाठी जे सोपस्कार करावे लागतात ते करताना मला मनापासून वाटलं, सोडून द्यावं सगळं. बाबांच्या तपासण्या सुरूच होत्या. नागपूरला जायचं, यायचं, शिकवणीला पोचायचं, फोनवर आईला धीर द्यायचा. त्यात हा माइकचा लाड. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

तरी दोरा घेतला, माइकभोवती गुंडाळला, पट्टीवर मोजला आणि शाळेत शिकलेल्या बावीस सप्तमांशानं भागून जाडी काढली. ते गणित आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं. त्या मापाचा धातूचा माउंट मागवला. तो आला, माइक त्यात नीट बसला, आणि मग कळलं की खालचं भोक मोठं आहे आणि माझ्या स्टँडचा स्क्रू बारीक. मी पलंगावर तशीच बसून राहिले. रागही येईना.

दुसऱ्या दिवशी ते सगळं लटांबर पिशवीत घालून एका मंडप-साउंडवाल्याकडं गेले. लग्नाचा हंगाम होता, तो भोंग्यांच्या ढिगात उभा होता. त्यानं माउंट उलटसुलट करून पाहिला.

‘‘मॅडम, हे कायले पायजे तुमाले?’’

‘‘टेबलावर हात आपटला तरी माइकला कळू नये म्हणून.’’

‘‘आमी तं डीजेवाले. आमचं काम लोकायच्या भिंती हलवाचं,’’ तो म्हणाला आणि हसला. पण स्क्रूंच्या डब्यात हात घालून त्यानं एक पितळी कडी शोधली, आतून बाहेरून आटे पाडलेली. ती भोकात फिरवली आणि स्क्रू तिच्यात घट्ट बसला. मला तिथंच रडू येईल असं वाटलं, म्हणून घाईनं निघाले.

ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा रविवार उरला होता. माउंट वजनदार, स्टँड हलका, त्यामुळं सगळं पुढं कलायला लागलं. आईनं स्टँडच्या पायावर वरवंटा ठेवला आणि दोऱ्यांत लटकलेल्या माइककडं पाहत म्हणाली, ‘‘हे तं शिंकं हाये बाप्पा. मांजरापासून टांगून ठेवलं का काय?’’

बाबा हसले. त्या दिवसांत ते फारसे हसत नव्हते. आवाज आधीच बसायला लागला होता. मी खबरदारी म्हणून त्यांच्या हाताखाली गोधडीची घडीही ठेवली. बाबांनी डोळे मिटले आणि ‘लाभ’ म्हणाले. हात गोधडीवर पडला. कानात फक्त आवाज आला, जरा घोगरा, पण तोच. शेवटचं अक्षर लांबवत पुढच्या आकड्यापर्यंत नेण्याची तीच लकब. बारापर्यंत गेले आणि खोकल्याची उबळ आली. पुन्हा प्रयत्न केला तर आवाजच फुटेना.

‘‘बस झालं बाबा, छान झालं,’’ मी म्हणाले. खंडी पुरी झाली नव्हती, पण जे होतं ते स्वच्छ होतं. एकही दणका नव्हता. इतक्या दिवसांच्या वणवणीनंतर मला फार समाधान वाटलं, ते कबूल करते.

ऑपरेशन झालं. बाबा वाचले. गळ्याला भोक, त्यात नळी, आणि काही सांगायचं झालं की नुसते ओठ हलायचे. दवाखान्याच्या जिन्याखाली बाकावर बसून मी आईच्या कानात इअरफोन घातले आणि ते रेकॉर्डिंग लावलं. तिला बरं वाटेल असा माझा हिशेब होता. आईनं सगळं ऐकलं. इअरफोन काढून माझ्या हातात दिले.

‘‘आवाज त्यायचाच हाये,’’ ती म्हणाली. ‘‘पर मोजलं नाई त्यायनं.’’

‘‘म्हणजे? बारापर्यंत मोजलं ना.’’

‘‘नुसतं तोंडानं कोणीबी बोलते बाई. थाप पडली का माप मोजलं. थाप नाई पडली तं आमी पोत्याचं तोंड सोडत नवतो. तोंड चुकन, हात नाई चुकत, असं धरत होते लोकं. तुनं थापच काढून टाकली.’’

दाणे झाडायची थाप म्हणून मी जिला हाकलायला निघाले होते, तीच मोजणी होती. आकडा तिच्यामागं चालायचा. म्हणूनच हात मांडीवर ठेवल्यावर बाबा चारापाशी अडत होते, आणि मी त्याला सवय म्हणाले. आता आवाज परत कुठून आणायचा? आईला मात्र त्याचं फारसं काही वाटलं नसावं. ती वर निघून गेली, बाबांना पेज भरवायची वेळ झाली होती.

बाबा घरी आले. पाणी हवं असलं की ते टेबलावर थाप मारायचे, आई यायची. राग आला तरी थाप, आईला दोन्हीतला फरक कळायचा, मला नाही. एका रविवारी दुपारी ते उठून बसले होते, तेव्हा त्यांनी टेबलावरच्या माझ्या फोनकडं बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या कानाकडं. मला ते रेकॉर्डिंग लावायचं धाडस होत नव्हतं. स्वतःचा गेलेला आवाज माणसानं कशाला ऐकावा? पण ते हटेनात. मी लावलं.

खोलीत बाबांचा आवाज आला, ‘लाभ’. तो सूर लांबत गेला आणि बाबांचा हात वर उचलला गेला. दोन येण्याच्या जरा आधी तो खाली आला, नेमका, टेबलाच्या उघड्या लाकडावर. पाण्यासाठी मारतात तशी ती थाप नव्हती. आई दारात पेल्यासकट थांबली.

मी फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. कपाटावरून माइक काढला, तो त्या शिंक्यातून सोडवला, आणि गोधडी वगैरे काही न घेता बाबांच्या हाताशी, टेबलावरच आडवा ठेवला. कूलर बंद केला. मग माइक सुरू केला आणि फोनवरचं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दणके बसत होते. माइकचा लाल दिवा लागत होता, आवाज फाटत होता, ते मला दिसत होतं. फोनमधले बाबा म्हणायचे, समोरचे बाबा मोजायचे. दहा झाले, अकरा झाले. बाराचा सूर मध्येच तुटला, फोनमधून खोकला आला आणि रेकॉर्डिंग संपलं.

बाबांचा हात थांबला नाही. त्यांनी पुढचं माप भरायला लागतो तेवढा वेळ जाऊ दिला आणि थाप मारली. त्यांचे ओठ हलले, आवाज नव्हता. मग दारातून आईनं म्हटलं, ‘‘तेरा.’’ तिला सूर नव्हता, कधीच नव्हता, पण तिनं तो आकडा पुढच्या थापेपर्यंत लांबवत नेला. खंडी पुरी होईपर्यंत मी माइकला हात लावला नाही.