पायांना हात कुणी लावायचा

लग्न ठरताना मी होणाऱ्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या आईचे पाय चेपायला मी येत नाहीये." तो हसला. शिकलेली, नोकरीवाली सून हवी असा हट्ट त्याच्याच घरच्यांचा होता, तेव्हा हसण्यावाचून त्याला इलाज नव्हता. सासूबाईंनी पुढे चार वर्षांत एकदाही माझ्यापुढे पाय केले नाहीत. तो मी माझा विजय समजत होते.

मग आठवा महिना लागला आणि माझेच पाय कुणीतरी चेपावेत अशी वेळ आली. सकाळची शाळा उभ्यानं शिकवून दुपारी घरी आले की पिंढऱ्यांत गोळे यायचे, असे की तोंडातून शिवी निघावी. माहेरी जायची सोय नव्हती, कारण वहिनीलाही तोच महिना होता आणि एका घरात दोन बाळंतिणी नकोत असं माझ्या आईचं म्हणणं. गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाल्या आणि वर सांगितलं, "हल्के हाथ से मालिश करवा लीजिए, पैर और कमर की. पेट को हाथ नहीं लगाना. घर में सास तो होंगी न?"

होत्या की. सासू होत्या, दोन चुलत सासवा होत्या, एक आतेसासू होती आणि सल्ला द्यायला तिरोड्याच्या वाटेवरचं आमचं अख्खं गाव होतं. पण सासूनं सुनेच्या पायाला हात लावला तर सुनेला पाप. नवऱ्यानं लावला तर बायकोला पाप. थोडक्यात हात लावणारा मोकळा आणि पाप सगळं मला. असल्या सोयीचा धर्म कुणी केला असेल, त्याचे पाय मात्र नक्की कुणीतरी रोज चेपत असणार.

राहिली गावातली मालिशवाली बाई. तिनं अर्ध्या गावाची पोरं पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली. ती आली, दारातूनच माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता कायची मालिश? पयले लेकरू तं येऊ दे. मंग सव्वा महिना रगडून काढू." म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी इतकी चिडले की तिला चहासुद्धा विचारला नाही.

त्याच आठवड्यात माझी ओटी भरली. हिरवी साडी नेसवून पाटावर बसवलं, पायांना लाल माहूर, म्हणजे आळता, लावला, आणि पंधरा-वीस बायका एकेक करून माझ्या सुजलेल्या पावलांवर हळदकुंकू वाहून गेल्या. मी म्हटलं, हात लागलेच आहेत तर जरा चेपा ना. सगळ्या खूप हसल्या. पोरगी विनोदी आहे असं आतेसासू जेवताना म्हणाल्या.

शेवटी नवऱ्यानं मनावर घेतलं. त्याचं खताबियाणांचं दुकान. दुपारी जेवायला आला की खोलीचं दार लोटायचं, मोबाईल स्टुलावर टेकवायचा आणि मालिशचा व्हिडिओ लावायचा. व्हिडिओत पांढऱ्या भिंती, मेणबत्त्या, मागे बासरी. आमच्या खोलीत धानाची पोती आणि डास. तेल त्यानं स्वयंपाकघरातून चोरलं होतं. मोहाच्या बियांचं, ज्याला आमच्याकडे टोरीचं तेल म्हणतात. बाळंतपणानंतरसाठी सासूबाईंनी ती बाटली मुद्दाम सालेकशाहून मागवून ठेवली होती. बासरीच्या तालावर माझ्या नवऱ्यानं माझी पिंढरी पोत्याचं तोंड आवळावं तशी आवळली. मी किंचाळले, पण उशीत तोंड घालून. चोरीचा मामला होता.

टोरीच्या तेलाचा वास मात्र दाराबिराला जुमानत नाही. तिसऱ्याच दिवशी सासूबाई दारात उभ्या. नवरा खाटेवरून उडी मारून थेट खाटेखाली.

"काय करून राहिला रे?"

"मोबाईल शोधून राहिलो, माय."

मोबाईल स्टुलावर बासरी वाजवत होता. नवऱ्याचे हात कोपरापर्यंत तेलानं चमकत होते. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाटली उचलली आणि निघून गेल्या. मी रात्रभर भांडणाची तयारी केली. डॉक्टरचा कागदही उशाशी काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या, आतून कडी घातली आणि बाटली घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसल्या.

"पाय दे."

मी पाय आखडून घेतले. "आई, नको. पाप लागेल." चार वर्षं शिकलेपणाचा तोरा मिरवला आणि ऐनवेळी तोंडातून निघालं ते हे.

"लागंल तं मले लागू दे. त्याच्या हातानं पिंढरी तुटंल तुयी."

त्यांनी माझं पाऊल सरळ मांडीवर घेतलं. हात खरबरीत, पण घोट्यापासून वर असे हळूहळू सरकायचे की गोळा कुठे आहे ते त्यांना माझ्याआधी कळायचं. पोटाला त्यांनी बोटही लावलं नाही. मला रडू आलं, अगदी लहान मुलासारखं.

"काऊन रडून राहिली? दुखते?"

"नाही. तुमचे कुणी चेपले होते का, आई?"

त्या हसल्या. "मले कोण चेपते? धानाच्या रोवण्याचे दिवस होते. नववा महिना भरला तरी चिखलातच होती मी. गोळे अजून येतेत रात्री, झोपू नाही देत."

मग बाळ होईपर्यंत रोज दुपारी कडी लागत होती. घरात सगळ्यांना वास येत होता आणि कुणीच काही विचारत नव्हतं. नवऱ्याचा जीव भांड्यात पडला होता.

एकदा मीच म्हटलं, "आई, आज तुमचे पाय द्या." आणि खाटेवरून खाली बसायला गेले. पोट इतकं पुढे आलेलं की हात त्यांच्या घोट्यापर्यंत पोचेना. त्यांनी दंडाला धरून मला उठवलं. "वाकू नको, पोट दबंल. लेकरू झाल्यावर पाहू."

मालिशवालीनं हेच म्हटलं होतं तेव्हा मला केवढा राग आला होता. या वेळी मात्र सुटल्यासारखं वाटलं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मुलगी आता दीड वर्षाची आहे. तेलाची बाटली फडताळात अर्धी शिल्लक आहे. दुपारी सासूबाई नातीला पायांवर घेऊन झोपवतात. ती झोपली की तिला खाली ठेवतात आणि आपली पिंढरी आपणच दाबत बसतात. मी समोर खुर्चीवर वह्या तपासत असते. आता वाकायला पोट आड येत नाही.