जंत रॉकीला, बेडरेस्ट मला

आमच्या रॉकीच्या हृदयात जंत झाले आणि त्यासाठी खाटेवर झोपावं लागलं मला.

रॉकी म्हणजे आमचा कुत्रा. नाव इंग्रजी, पण कळते फक्त मालवणी, कारण त्याच्याशी दिवसभर बोलते ती माझी आई. त्या पावसाळ्यात तो खोकायला लागला. आईने ओव्याच्या पुरचुंडीने त्याची छाती शेकली. मी सर्दी असेल म्हणून पेपर वाचत बसलो. मग जिना चढताना तो पहिल्या मजल्याच्या वळणावर बसकण मारू लागला. मीही रोज तिथेच बसतो, त्यामुळे मला त्यात आजार काही दिसला नाही. शेवटी माझी बायको स्मिता आम्हा दोघांना हिंदमाताजवळच्या प्राण्यांच्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. रक्त रॉकीचं घेतलं, ओरडलो मी.

रिपोर्ट बघून मॅडम म्हणाल्या, "हार्टवर्म आहे."

"हो ना, मॅडम!" मी खुशीत म्हटलं. "पहिल्यापासूनच! दारात कोणी आलं की आधी शेपटी हलवतो, मग कोण आलंय ते बघतो."

स्मिताने कोपराने ढोसलं. "वॉर्म नाही, वर्म! जंत!"

(मराठीत 'वर्म' म्हणजे शरीरातली नाजूक जागा. तेव्हा माझी चूक अगदीच अडाण्याची नव्हती, असं मी घरी आल्यावर सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.)

"पण जंत पोटात होतात ना?" मी विचारलं.

"हे हृदयात होतात. हृदयात आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत. डास चावला की बारीक अळ्या अंगात शिरतात आणि काही महिन्यांत वाढून वीतभर लांब होतात. शेवयांसारखे." मॅडमनी बोटांनी लांबी दाखवली. (आमच्या घरी त्या श्रावणात शेवयांची खीर झाली नाही.) "प्रतिबंधाची गोळी असते, दर महिन्याला द्यायची. तुम्ही कधी दिली नाहीत?"

असली काही गोळी असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही खोलीत मच्छर अगरबत्ती लावून झोपायचो आणि रॉकी बाहेर गॅलरीत. म्हणजे आमच्या वाटणीचे डासही बिचाऱ्यालाच चावत होते.

"औषधाने जंत मरतील," मॅडम म्हणाल्या, "पण खरी भीती त्यानंतरच. मेलेले जंत रक्तातून फुप्फुसात जातात. अशा वेळी कुत्रा धावला, उड्या मारल्या, एक्साइट झाला, तर रक्तवाहिनी तुंबते. जिवावर बेतू शकतं. तेव्हा कडक आराम. शी-शूपुरतं पट्ट्याने बाहेर न्यायचं, तेही हळू. धावणं नाही, भुंकणं नाही, दंगा नाही. काही महिने. राहता कुठे?"

"लालबागला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. 

"गणपती जवळ आले, नाही का?" त्या म्हणाल्या.

रॉकी तेवढ्यात माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपून गेला होता. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? पन्नाशीचा माणूस मी, केस काळे करतो, आणि प्राण्यांच्या दवाखान्यात नाक पुसत उभा होतो.

बाहेरून कोणाला वाटेल की ढोलाला कुत्री घाबरतात. आमच्या रॉकीचं उलटं होतं. दर वर्षी खाली गल्लीत आमच्या मंडळाच्या ढोलाची प्रॅक्टिस सुरू झाली की हा दोन मजले धडाधड उतरून पहिल्या रांगेत जायचा, आणि तोंड वर करून असा सूर लावायचा की पोरं त्याच्यासाठी ठेका बदलायची. आता ढोलाची पहिली थाप पडली की याच्या हृदयाचं काय होणार, या विचाराने माझंच हृदय धडधडू लागलं. मी मंडळाचा अध्यक्ष बाबल याला गाठलं. बाबल माझ्या लहानपणापासूनचा मित्र. त्याच्याभोवती तेव्हा कमरेला ढोल बांधून वीसेक पोरं उभी होती.

"बाबल, या वर्षी प्रॅक्टिस जरा दुसरीकडे हलवता येईल का रे?"

"का रे? काय लोचा झाला?"

"घरात हार्ट पेशंट आहे. जरा सिरियस आहे."

"कोण?"

आता वीस ढोलवाल्यांसमोर 'कुत्रा' म्हणायला माझी जीभ रेटेना. अख्ख्या मंडळाची परंपरा मी कुत्र्यासाठी गुंडाळायला सांगतोय, असं दिसलं असतं. म्हणून मी म्हटलं, "घरातलंच माणूस समज."

बाबलने माझ्या पोटाकडे बघितलं. मग माझ्या चेहऱ्याकडे. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून जड आवाजात म्हणाला, "समजलो मी. तू टेन्शन घेऊ नको. अजिबात घेऊ नको."

किती समजूतदार माणूस, असं मनात म्हणत मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गल्ली गप्प! रॉकी दिवसभर ढाराढूर. मी विजयी वीराच्या थाटात वडापाव खायला खाली उतरलो, तर गाडीवाल्याने कढईवर हात आडवा धरला.

"तुम्हाला नाही देणार, सुन्याभाऊ."

"का बुवा?"

"बाबलदादाने सांगितलंय. तेलकट बंद. आणि जिना कशाला उतरलात? हाक मारायची ना!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तसाच वर धावलो (मागून "अरे, धावू नका!" अशा चार आरोळ्या ऐकू आल्या) आणि स्मिताला सगळं सांगितलं. "मी आत्ता खाली जातो आणि खरं काय ते सांगून टाकतो!"

"सांग की," ती शांतपणे म्हणाली. "संध्याकाळी ढोल सुरू होतील. मग रॉकीला कसा आवरायचा तेही तूच सांग."

मी रॉकीकडे बघितलं. झोपेत त्याची छाती हळूहळू वर-खाली होत होती. मी चप्पल काढली आणि खाटेवर आडवा झालो.

त्यानंतर माझी जी सेवा झाली, तशी माझ्या लग्नातही झाली नव्हती. शहाळी इतकी आली की मोरीत पाय ठेवायला जागा उरली नाही. ऑफिसला निघालो की शेजारचे जोशीकाका बॅग ओढून घ्यायचे. त्यांचं वय ऐंशीच्या घरात! दोन वेळा तर बॅगेसकट त्यांनाच मी टॅक्सीत बसवलं. शेवटी ऑफिसात रजा टाकली. बघायला येणारे माझ्यासमोर माझ्याचबद्दल कुजबुजायचे, "रंग उतरलाय, नाही?" "आधी कुठे होता?"

आईची तर पंचाईत झाली. "अरे, सगळी माका विचारतत, झील कसो आसा? मी काय सांगू?"

"सांग, आराम करतोय."

"ह्यां बाकी खरां. जल्मापासून ताच करतंस."

जेवणाचे हाल वेगळेच. घरात श्रावण, त्यात लोकांसमोर मी पेशंट, म्हणून मला पातळ पेज. रॉकीला मात्र ताकदीसाठी उकडलेलं चिकन! आई स्वतः सोलून, हाडं काढून भरवायची. "श्रावण माणसांक," ती म्हणायची, "कुत्र्याक खयचो?" मी पेज ओरपत त्याच्या ताटलीकडे बघायचो. तो माझ्याकडे बघायचाही नाही.

पण खरा घोळ पाहुण्यांचा होता. ढोल थांबले, पण माणसं वाढली, आणि माणसं ही रॉकीची दुसरी कमजोरी! बेल वाजली की मी खाटेवर उडी मारायची, स्मिताने रॉकीला उचलून स्वयंपाकघराच्या पडद्याआड न्यायचं आणि आईने दार उघडून सुस्कारा सोडायचा, अशी आमची कवायत बसून गेली. माझगावहून माझी ताई आली, तेव्हा मात्र सगळं फिसकटलं. ती दारातूनच हंबरडा फोडत आली. "सख्ख्या बहिणीला बाहेरून कळावं? सुन्या रे!" पडद्यामागून रॉकी कुईं कुईं करायला लागला, म्हणून मी ताडकन उठून बसलो आणि तिच्या तोंडावर हात ठेवला.

"ताई, रडू नको! मला काही झालेलं नाही! जंत रॉकीला झालेत!"

ताईचं रडणं थांबलं. "म्हणजे तुला काहीच नाही?"

"काहीच नाही."

"ईसीजीसुद्धा नाही काढला?"

"नाही गं."

इतकी निराश झालेली ताई मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. तिने टेबलावर ठेवलेली सफरचंदं परत पिशवीत भरली. मग आत जाऊन रॉकीला बघितलं, त्याचे कान कुरवाळले, आणि पिशवीतली सफरचंदं त्याच्यासाठी आईकडे देऊन गेली.

असं करत करत मंडळाच्या मूर्तीच्या आगमनाचा रविवार उजाडला. दुपारी मी गॅलरीतून वाकून पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी मूर्ती येऊन थांबली होती आणि पोरं आपापले ढोल उतरवून ठेवत होती. मग ट्रॉली आत आली. नुसता चाकांचा खडखडाट आणि चपलांचा आवाज. आगमनाची मिरवणूक, आणि ढोल नाही, ताशा नाही, गुलाल नाही! एका पोराने सवयीने "गणपती बाप्पा" म्हटलं, तर बाकीच्यांनी "मोरया" ओठातल्या ओठात म्हटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शरमही इतकी वाटली की तिथेच गॅलरीत सगळं ओरडून सांगावं. पण खाली ढोल नव्हते म्हणूनच आत रॉकी शांत होता.

ट्रॉली बरोब्बर आमच्या चाळीखाली थांबली. बाबल आरतीचं ताट घेऊन जिना चढू लागला. मागे पंधरा-वीस पोरं.

"झोप!" स्मिता ओरडली. मी झोपलो. तिने माझ्यावर चादर ओढली आणि रॉकीला घेऊन आत पळाली.

बाबल आत आला. "म्हटलं, तू खाली येऊ शकत नाहीस, तर बाप्पाचं निरांजन तुझ्यापाशी आणावं," तो हळू आवाजात म्हणाला. पोरं खाटेभोवती दाटीने उभी राहिली आणि आरती कुजबुजत म्हणू लागली. टाळ्यासुद्धा अशा, की हात हाताला लागू नये! मी डोळे मिटून पडलो होतो. मनात म्हणत होतो, देवा, एवढी वेळ निभावून ने.

देवाने निभावली, पण पडद्याने नाही. आपली सगळी ढोलवाली मंडळी घरी आलीत हे रॉकीला वासाने कळलं होतं. स्मिताच्या हातातून निसटून तो पडद्याखालून बाहेर आला, बाबलला पाहिलं आणि झेप घ्यायला मागचे पाय आवळले.

"रॉकी! नाही!!"

मी चादरीसकट खाटेवरून उडालो, दोन पोरांच्या मधून घुसलो, टीपॉय ओलांडला आणि त्याला हवेत उचलून छातीशी धरला. "धावायचं नाही राजा, हळू, हार्टला जप, हार्टला जप," मी त्याला कुरवाळत होतो. तो माझं नाक चाटत होता.

आरती थांबली होती. गंभीर आजारी माणूस वीस किलोचा कुत्रा उचलून घराच्या मध्यभागी उभा होता, तोही न धापा टाकता.

"सुन्या," बाबल म्हणाला, "पेशंट नक्की कोण?"

"हा," मी म्हटलं. आणि मग सगळं सांगितलं. डास, जंत, मॅडम, सगळं. सांगताना बाबलकडे बघायची हिंमत होईना.

आता मारणार, असं वाटलं. बाबलने ताट खाली ठेवलं, रॉकीच्या छातीवर अलगद तळवा टेकवला आणि माझ्यावर डाफरला, "अरे येड्या, मग आधीच सांगायचं ना, आपल्या रॉकीला आहे म्हणून!"

तो गॅलरीत गेला आणि खालच्या पोरांना खुणेने बोलावून सांगितलं, "रॉकी सिरियस आहे. विसर्जनापर्यंत गल्लीत ढोल नको. मंजूर?" सगळे हात वर! समोरच्या चाळीतल्या बायकांनीही केले.

ते दहा दिवस ढोल पार चिंचपोकळीच्या बाजूला वाजले. आमच्या गल्लीतला आवाज काय तो आईच्या बोलण्याचा. दिवाळीनंतर मॅडमनी पुन्हा रक्त तपासलं, नंतर आणखी एकदा तपासलं आणि सांगितलं, रॉकी साफ! दर महिन्याची गोळी मात्र आता चुकवायची नाही. मी तिथेही रडलो. येताना पेढे घेतले आणि थेट बाबलकडे गेलो.

"बाबल, रॉकीचं राहू दे," मी म्हटलं, "पण तेव्हा तर पोरांना वाटत होतं, आजारी मी आहे. माझ्यासाठी ढोल बंद ठेवला तुम्ही. हे मी विसरणार नाही."

बाबलने पेढा तोंडात टाकला. "अरे, त्याच्यावर दोन तास मीटिंग झाली. भांडणं झाली. शेवटी मतदान घेतलं. एका मताने पास झालास."

"झालो ना पास! एक तर एक!"

"हां," बाबल पेढा चघळत म्हणाला, "ते एक मत म्हणजे आपला ढोलवाला मन्या. त्याने आळस द्यायला हात वर केला होता, आम्ही मोजून टाकला."