डोळे दाखय

काकी भेटली की आधी तिचा अंगठा पुढे यायचा. कसा आहेस, जेवलास का, हे सगळं नंतर. डोळ्याखालची कातडी खाली ओढून ती आत डोकावायची. "डोळे दाखय बघूया... बरे आसत. चल." आपण डोळे मिचकावेपर्यंत ती वाटेच्या वळणावर पोचलेली असायची.

काविळीचं औषध देणारं कुणीतरी तुमच्याही गावात असेलच. आमच्या चोपडे गावात ही होती, माझी शेजारीण, मधे फक्त कुंपण. कसलंसं मूळ ताकात वाटून द्यायची आणि पथ्य सांगायची. पेज खायची, तीही अळणी, आणि मासळीचं नाव काढायचं नाही. बदल्यात एक नारळ, तो दारात ठेवायचा. हातात दिलात तर ओरडायची. मांद्र्याच्या गेस्टहाऊसमधले गोरे पाहुणेही यायचे. त्यांनाही ती बेधडक 'डोळे दाखय' म्हणे आणि तेही गुमान वाकत.

एका जागी बसणं तिला माहीतच नव्हतं. "काकी, बस गे जरा" म्हटलं की लगेच, "बसान पोट भरता?" ओहोटी लागली की नदीवर, कालवं काढायला, अनवाणी. कालवाची शिंप म्हणजे सुरीच. चप्पल घाल म्हणून मी डोकेफोड करायचो. "चपल घातल्यार चिखल कसो कळतलो?" असं म्हणून ती मलाच वेड्यात काढायची.

शेवटी एक शिंप पायात घुसलीच. काकीने हळद दाबली आणि कामाला लागली. मग थंडी वाजून ताप आला आणि पाठोपाठ डोळे पिवळे झाले. आरशासमोर तिने स्वतःच अंगठा लावून पाहिलं. कावीळ! झालं, निकाल लागला. देणाऱ्याने आपलं औषध आपण वाटायचं नसतं, म्हणून सुनेने वाटलं. अळणी पेज सुरू झाली. पायाकडे कुणी पाहिलंच नाही. डोळ्यांच्या दुखण्यात पाय कशाला बघायचा?

काकी घरात बसून आहे, हे कळल्यावर मला चैन पडेना. गेलो. भिंतीला टेकली होती, श्वास भरभर चालला होता. मला बघून तिने अंगठा उचलला नाही. तिच्या मुलाला म्हटलं, गाडी काढ.

"आये म्हणता, औषधाक गुण येवंदे," तो म्हणाला.

मी त्याच्यावर ओरडलो. पोरगा वाईट नव्हता, आईचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती एवढंच. पण तेव्हाचा तो राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी चादर वर करून पाय पाहिला. गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झालेला. "ही तुमची नेहमीची कावीळ नव्हे," त्या म्हणाल्या. "जखमेतले जंतू रक्तात पसरलेत. लिव्हरला त्याचा मार बसलाय. पेशी फुटतात आणि आतली एन्झाइम्स रक्तात उतरतात, म्हणून रिपोर्टमधले आकडे एवढे चढलेत. लवकर आणायला हवं होतं."

काकी तापात बडबडत होती. "सुकती लागली काय रे? उठय माका." ओहोटीची वेळ चुकेल म्हणून तिची खाटेवरही तगमग चालली होती.

बाईंनी वाकून अंगठ्याने तिच्या डोळ्याखालची कातडी ओढली. काकीला काय वाटलं कोण जाणे. सुया टोचलेला तिचा हात हळूहळू वर आला आणि अंगठा बाईंच्या गालावर टेकला.

"तुजे दाखय... बरे आसत. चल."

दुसऱ्या दिवशी काकी गेली. मला फार आवडायची ती.

लोक अजून येतात. लांबच्यांना ठाऊक नसतं. मुलगा-सून कामावर असतात; ते तिच्या बंद दारात नारळ ठेवून उभे राहतात. मला घरात बसवत नाही. कुंपण ओलांडून जातो, काकी नाही म्हणून सांगतो, इस्पितळाची वाट दाखवतो. तरी त्यांतला एखादा आशेने डोळे मोठे करून तोंड माझ्यापुढे आणतो.

मी खाली वाकतो.

"पाय दाखय," म्हणतो.